पठारावर पवनचक्की: नकाशा, मास्ट की लायडार?

साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर किंवा साक्रीजवळच्या ब्राह्मणवेलला पवनचक्क्यांची रांग पाहिली की शेजारच्या डोंगरावर जमीन असलेल्याला वाटतंच, वारा आपल्याकडेही आहे. असेलही, पण तो मोजायलाच हवा. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाने वाढते: सेकंदाला ५ मीटरऐवजी ६ मीटर वारा असेल तर ऊर्जा सुमारे १.७ पट. वेगाचा अंदाज थोडा चुकला तरी पैशाचं गणित पार कोलमडतं.

वाऱ्याचा नकाशा फुकट मिळतो. राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचा पाहा, ग्लोबल विंड ॲटलासही पाहा. दुसऱ्याची चौकट २५० मीटरची, म्हणजे तेवढ्या जागेला एकच आकडा, आणि सह्याद्रीत तेवढ्यात कडा संपून दरी लागते. म्हणून नकाशावरून जागा नाकारावी, पक्की करू नये.

पक्की करायला मास्टच, म्हणजे वारा मोजायची यंत्रं लावलेला उंच खांब. किमान एक पूर्ण वर्ष. आपल्याकडे वाऱ्याचा खरा हंगाम जून ते सप्टेंबर. फक्त तेवढंच मोजलं तर आकडा फुगतो, फक्त हिवाळ्यात मोजलं तर चांगली जागाही हातची जाते. मास्टच्या आडोशाला आलेला कप (वाऱ्याने फिरणारं वेगमापक) वारा कमी दाखवतो, म्हणून वरच्या उंचीवर दोन बाजूंना दोन कप हवेत. शिवाय त्या वर्षीचा पावसाळा नेहमीसारखा होता का, हे हवामानाच्या वीसेक वर्षांच्या नोंदींशी ताडून पाहावं लागतं. हे टाळणाऱ्या अहवालावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

लायडार जमिनीवर ठेवून लेसरने १५०-२०० मीटरपर्यंतचा वारा मोजतो, उचलून दुसरीकडेही नेता येतो. आजच्या उंच टर्बाइनसाठी हे फार मोलाचं. मात्र कड्यावर वारा तिरपा वर चढतो आणि तिथे लायडारचं गणित चुकतं. ऐन पावसाळ्यात पठार धुक्यात बुडालं की वरच्या उंचीच्या नोंदी गळतात, म्हणजे नेमक्या हंगामातल्याच.

मोठ्या प्रकल्पाला मी एक मास्ट कायम ठेवून लायडार जागोजागी फिरवेन. घरापुरती दोन-चार किलोवॅटची चक्की हवी असेल आणि नकाशा सेकंदाला ५ मीटरच्या खाली वारा दाखवत असेल, तर मोजणीवरही खर्च नको. सरळ सोलर बसवा.

मोजून घेताना दर १० मिनिटांच्या मूळ नोंदी आणि कपांचं कॅलिब्रेशन (मोजमाप अचूक असल्याच्या तपासणीचं) प्रमाणपत्र करारातच लिहून घ्या. नुसत्या वार्षिक सरासरीवरून कुणालाच काही तपासता येत नाही.