ब्रिटनची डेटा प्रोटेक्शन फी : नोंदणी सोपी, पायऱ्या अजब

ब्रिटनमध्ये छोटा धंदा करणाऱ्या मराठी मंडळींना वर्षातून एकदा इन्फर्मेशन कमिशनर्स ऑफिस, म्हणजे आयसीओ, या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे डेटा प्रोटेक्शन फी, म्हणजे लोकांची माहिती ठेवण्याबद्दलची फी, भरावी लागण्याचा संभव असतो. भारताच्या माहिती-संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात सरसकट सर्व व्यावसायिकांवर अशी वार्षिक फी नसल्यामुळे, तिकडून नव्याने आलेल्यांना ही मागणी प्रथम खोटीच वाटते.

सेवा म्हणून पाहिले तर ऑनलाइन नोंदणी उत्तम आहे. अर्जातले प्रश्न सरळ आहेत आणि डायरेक्ट डेबिट, म्हणजे बँक खात्यातून आपोआप पैसे जाण्याची सोय, निवडल्यास पाच पौंडांची सवलत मिळते. त्याहून उपयुक्त आहे ती फी लागते की नाही हे सांगणारी प्रश्नावली. पैसे भरण्यापूर्वी ती अवश्य सोडवावी. केवळ हिशेब, ग्राहकांच्या ऑर्डरी, नोकरांचे पगार आणि स्वतःच्याच मालाची जाहिरात एवढ्यासाठी माहिती ठेवणाऱ्या डबेवाल्या बाईंना फी माफ असू शकते. मात्र चोरी रोखण्यासाठी त्यांनी स्वयंपाकाच्या गाळ्यावर सीसीटीव्ही बसवला की ती माफी संपते. घरापुरता कॅमेरा असेल तर फी नाही.

फीच्या पायऱ्यांबद्दल मात्र माझे मत चांगले नाही. धंद्याच्या आकारानुसार फीच्या तीन पायऱ्या आहेत; १७ फेब्रुवारी २०२५ पासून त्यांना ४०, ६० आणि २,९०० पौंडांऐवजी ५२, ७८ आणि ३,७६३ पौंड घेतले जातात, म्हणजे वाढ सुमारे तीस टक्क्यांची. सर्वांत खालच्या पायरीसाठी वार्षिक उलाढाल ६,३२,००० पौंडांपर्यंत किंवा कर्मचारी दहापर्यंत असावे लागतात, आणि यातला ‘किंवा’ फार उदार आहे: आठ माणसांत लक्षावधी पौंडांची उलाढाल करणारी सल्लागार कंपनी आणि कॅमेरा लावलेला कोपऱ्यावरचा वाणी दोघेही ५२ पौंडच भरतात. वर ३ कोटी ६० लाख पौंडांची उलाढाल आणि अडीचशे कर्मचारी या दोन्ही मर्यादा ओलांडल्या की फी एकदम ७८ वरून ३,७६३ वर उडी घेते. मधली एखादी पायरी ठेवणे अवघड नव्हते. धर्मादाय संस्थांना, आकार कितीही असो, खालचीच फी लागते, ही तरतूद मला योग्य वाटते. आपल्या मंडळांपैकी ज्यांची नोंदणी चॅरिटी म्हणून झालेली आहे, त्यांनी ती लक्षात ठेवावी.

फी भरली म्हणजे कायदा पाळला असे होत नाही. माहिती जपण्याची जबाबदारी फी माफ असणाऱ्यांवरही तेवढीच राहते. फी चुकवल्यास सर्वोच्च फीच्या दीडपटीपर्यंत दंड करण्याची तरतूद कायद्यात आहे. ‘आम्ही तुमची नोंदणी करून देतो’ म्हणून जादा पैसे मागणाऱ्या खासगी कंपन्यांच्या पत्रांना उत्तर देण्याचे कारण नाही, कारण हा अर्ज कोणालाही स्वतः भरता येतो. नोंदणीनंतर तुमचे नाव आणि पत्ता सार्वजनिक यादीत दिसतो, तेव्हा घरून धंदा करणाऱ्यांनी कोणता पत्ता द्यायचा ते अर्ज भरण्याआधीच ठरवावे.