काउंटी जेलचं रेकॉर्ड फुकट असतं, आमचे मात्र २,५५०.९० डॉलर गेले

आधी हिशेब. अटकेचं रेकॉर्ड ‘शोधून देणाऱ्या’ साइटला चाचणीचा १ डॉलर, त्यानंतर कार्डावरून परस्पर दोनदा कापलेले २९.९५. ‘जामिनाचं बघतो’ म्हणणाऱ्या माणसाला झेलवरून (बँक खात्यातून थेट दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवायची अमेरिकेतली सोय) १,८५०, आणि पायाला लावायच्या जीपीएस पट्ट्याचं ‘परत मिळणारं डिपॉझिट’ म्हणून ६४०. बेरीज २,५५०.९०. यातला एकही डॉलर द्यायची गरज नव्हती. भाचा कोणत्या तुरुंगात आहे, आरोप काय, बाँड (जामिनाची रक्कम) किती, कोर्टापुढे कधी, हे सगळं शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) पोलीस प्रमुखाच्या, साइटवर फुकट असतं. कुणीही बघावं. आणि कुणीही बघतं, तिथेच खरी मेख आहे.

भाचा टेक्सासमध्ये शिकतो, आम्ही न्यू जर्सीत. दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप, रात्री अटक. त्याची बाजू मांडायला हा लेख नाही. काउंटीचं आणि साइटचं नाव लिहीत नाही, वकिलाने नको म्हटलंय.

‘एवढे शिकलेले लोक, कसे फसले?’ असं ज्यांच्या ओठांवर आलं असेल त्यांच्यासाठी: न्यू जर्सीत १ जानेवारी २०१७ पासून पैसे भरून जामीन हा प्रकार जवळपास संपलाय. इलिनॉयने तर १८ सप्टेंबर २०२३ पासून तो पूर्णच बंद केला. केंटकी, ओरेगन, विस्कॉन्सिन इथे जामिनाचा खासगी धंदाच चालत नाही. त्यामुळे बाँडवाला (फी घेऊन आरोपीच्या जामिनाची हमी देणारा) फोनवर कसा बोलतो, किती घेतो, कुठे घेतो, हे आमच्यासारख्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं. टेक्सास, कॅलिफोर्निया, फ्लोरिडात हा धंदा कायदेशीर आहे आणि जोरात आहे. म्हणून पहिली गोष्ट: अटक कोणत्या राज्यात झाली ते बघा. इलिनॉयमधल्या अटकेसाठी कुणी जामिनाचे पैसे मागितले तर पुढचं वाक्य ऐकूनही घेऊ नका.

आता शोधायचं कसं. गूगलवर काउंटीचं नाव आणि ‘जेल’ टाकलं की वरचे निकाल बहुतेक जाहिरातींचे असतात. साइटच्या नावातच काउंटीचं नाव, कोपऱ्यात शेरीफच्या ताऱ्यासारखं चित्र. नाव टाकलं की एक पट्टी सरकायला लागते: ‘कोर्टाची कागदपत्रं तपासत आहोत’, ‘अटकेच्या नोंदी सापडल्या’, ‘अहवाल संवेदनशील आहे, मन घट्ट करा’. ती पट्टी काही शोधत नसते. ती फक्त तुमचा धीर सुटायची वाट बघते. १ डॉलरमध्ये हाती आलं काय, तर भाच्याचं दोन वर्षांपूर्वीचं वेगमर्यादा ओलांडल्याचं चलान. कालच्या अटकेबद्दल एक अक्षर नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारं अमेरिकी सरकारी खातं) याच धाटणीच्या दोन साइटवाल्यांकडून ५८ लाख डॉलर वसूल करायची तडजोड केली. नुसतं ट्रॅफिकचं चलान असलेल्या माणसाचंही गुन्हेगारी रेकॉर्ड असल्यासारखं भासवायचे, हा त्यातला एक आक्षेप. धंदा काही थांबलेला नाही.

खरी यादी असते काउंटीच्या शेरीफकडे. तिला जेल रोस्टर म्हणतात, कुठे ‘इन्मेट सर्च’. काही काउंट्यांत तुरुंग शेरीफऐवजी काउंटीच्या करेक्शन (तुरुंग) खात्याकडे असतो, न्यू जर्सीत हे बऱ्याच ठिकाणी दिसेल. कनेक्टिकट, र्‍होड आयलंड, डेलावेअर, व्हरमाँट, हवाई, अलास्का इथे तुरुंग राज्याचेच, म्हणून तिथे राज्याच्या करेक्शन खात्याची साइट उघडायची. लुइझियानात काउंटीऐवजी ‘पॅरिश’ शोधा. पत्ता ‘डॉट गव्ह’ने संपत असेल तर उत्तम, पण लहान काउंट्यांची खरी साइटही कधी ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट ऑर्ग’वर असते. म्हणून काउंटीच्या मुख्य साइटवरून शेरीफच्या पानावर जायचं, जाहिरातीवरून नाही. कुठेही कार्ड मागितलं की मागे फिरा.

काउंटी कोणती हे घराच्या पत्त्यावरून ठरत नाही, अटक कुठे झाली यावरून ठरतं. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत आणि शहरं त्यांच्या हद्दी जुमानत नाहीत. फ्रिस्को अर्धं कॉलिनमध्ये, अर्धं डेंटनमध्ये. ऑस्टिन ट्रॅव्हिस, विल्यमसन आणि हेज अशा तीन काउंट्यांत पसरलंय. डॅलस शहराचे तुकडे तर पाच काउंट्यांत सापडतात. पोरगा राहतो एकीकडे, पार्टी दुसरीकडे, पोलिसांनी गाडी अडवली तिसरीकडे. शेजारच्या सगळ्या काउंट्यांच्या याद्या बघा.

नाव सापडत नाही म्हणजे अटक झाली नाही असंही नाही. शहर पोलिसांनी पकडलं तर माणूस आधी त्यांच्या कोठडीत असतो, मग काउंटीकडे जातो. तिथे बोटांचे ठसे, फोटो, खिशातल्या सामानाची नोंद, तब्येतीचे प्रश्न. हे उरकल्यावर नाव यादीत चढतं. त्यात कित्येक तास जातात, शनिवारी-रविवारी जास्तच. साइटवाले गिऱ्हाईक पकडतात ते नेमके याच तासांत. तेवढ्या वेळात तुरुंगाच्या बुकिंग डेस्कला फोन लावा. नंबर काउंटीच्या पानावरूनच घ्यायचा.

आणि आपली नावं! पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं. बुकिंगवाला ते जोडून लिहितो, निम्मं गाळतो किंवा वडिलांचं नाव आडनाव म्हणून चढवतो. पासपोर्टवर आडनाव रिकामं असेल तर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन) येतं आणि खरं नाव आडनावाच्या रकान्यात जाऊन बसतं. म्हणून पूर्ण नाव टाकू नका. आडनावाची पहिली तीन अक्षरं, नावाचं पहिलं अक्षर, बस. मग वडिलांचं नाव आडनाव म्हणून टाकून बघा. जन्मतारखेत महिना आधी येतो: ७ ऑगस्ट म्हणजे ०८/०७. हे उलटं टाकलं तर यंत्र शांतपणे ‘नोंद नाही’ म्हणतं. भाच्याच्या बाबतीत नेमकं हेच झालं, आणि म्हणून तो १ डॉलर गेला.

शेरीफची यादी थकली तर व्हाइनलिंक ही फुकट सेवा बहुतेक राज्यांतल्या कोठडीची माहिती देते. इमिग्रेशनवाल्यांनी नेलं असेल तर आयसीईचा (इमिग्रेशन कायद्याची अंमलबजावणी करणारं खातं) लोकेटर वेगळा आहे. तिथे ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने परदेशी माणसाला दिलेला क्रमांक) किंवा तंतोतंत नाव आणि जन्मदेश लागतो. विद्यार्थ्यांकडे ए-नंबर बहुधा नसतोच, म्हणून तिथे मात्र पासपोर्टवरचं स्पेलिंग जसंच्या तसं टाकायचं.

आता १,८५० ची गोष्ट. ही लिहिताना अजूनही हात थरथरतो, रागाने.

शेवटी रोस्टरवर नाव सापडलं होतं. बुकिंग नंबर, आरोप, दाखल झाल्याची वेळ. थोड्याच वेळात फोन आला. स्क्रीनवर तुरुंगाचाच नंबर. माणसाने बुकिंग नंबर बिनचूक सांगितला, जन्मवर्ष सांगितलं, आरोप सांगितला. ‘बाँड १५,०००, त्याचे दहा टक्के १,५००, वर ३५० प्रोसेसिंग, आज रात्रीच बाहेर. उशीर झाला तर इमिग्रेशनला कळवावं लागेल.’ त्याच वेळी समोर उघड्या असलेल्या पानावर बाँडच्या रकान्यात ‘अद्याप ठरलेला नाही’ असं लिहिलेलं होतं. जो बाँड मॅजिस्ट्रेटने अजून ठरवलेलाच नाही, त्याचे दहा टक्के हा माणूस मागत होता! टेक्सासमध्ये अटकेनंतर ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे नेतात, बाँड तिथे ठरतो, आणि नंतर तो आकडा यादीत येतो. डोळ्यांसमोर होतं सगळं. पण कानात ‘इमिग्रेशन’ शब्द, दुसऱ्या फोनवर नाशिकहून रडणारी ताई, आणि समोरच्याला पाठ असलेला बुकिंग नंबर. झेलवर पैसे घेणाऱ्याचं नाव एका साध्या माणसाचं आलं, कंपनीचं नाही. ‘मेमोत बेल वगैरे लिहू नका, बँक अडवते’ असंही तो म्हणाला. यावर तरी थांबायला हवं होतं, हे आता कुणीही सांगेल.

बुकिंग नंबर पाठ असणं म्हणजे काहीच नाही. तो आपण जिथून घेतला तिथूनच त्यानेही घेतला. नातेवाईक कोण आणि त्यांचे फोन काय, हे त्या पैसे उकळणाऱ्या रेकॉर्ड साइटवर मिळतं. स्क्रीनवर कुणाचाही नंबर दाखवता येतो. फोन ठेवायचा आणि काउंटीच्या पानावरचा नंबर स्वतः फिरवायचा.

इमिग्रेशनची धमकी तर शुद्ध थाप. बुकिंगला घेतलेले ठसे एफबीआयकडे जातात आणि तिथून होमलँड सिक्युरिटीला आपोआप मिळतात. पैसे देऊन ते थांबत नाही, न देऊन वाढत नाही. विद्यार्थ्याच्या व्हिसावर अशा अटकेचा परिणाम होऊ शकतो, पण तो विषय इमिग्रेशनच्या वकिलाचा.

‘परत मिळणारं’ हा शब्दही धरून ठेवा. तुरुंगाच्या खिडकीवर किंवा काउंटी सांगेल तिथे पूर्ण रोख बाँड भरला तर, आरोपी तारखांना हजर राहिल्यास, खटला संपल्यावर पैसे भरणाऱ्याला परत मिळतात, थोडी फी कापून. पावती जपायची. बाँडवाल्याला दिलेले दहा टक्के ही त्याची फी, ती कधीच परत येत नाही. तेव्हा ‘परत मिळेल’ म्हणणारा बाँडवाला एक तर खोटारडा किंवा बाँडवालाच नाही. पायातला पट्टा कोर्टाच्या आदेशाने लागतो, फोनवरच्या माणसाच्या नाही. शेरीफचं खातं झेल, कॅश अ‍ॅप, गिफ्ट कार्ड किंवा क्रिप्टोवर जामीन घेत नाही. खरा बाँडवाला परवाना नंबर देतो. तो कॅलिफोर्नियात राज्याच्या विमा खात्याकडे तपासता येतो, फ्लोरिडात वित्तीय सेवा खात्याकडे, टेक्सासच्या मोठ्या काउंट्यांत काउंटीच्या बेल बाँड बोर्डाकडे.

पैसे गेल्यावरची कथा याहून संतापजनक. बँकेचं म्हणणं, ‘तुम्ही स्वतः पाठवलेत ना?’ कुणी खात्यात घुसून पैसे काढले तर कायदा पाठीशी आहे. फसवून तुमच्याच बोटाने पाठवायला लावले तर बँक हात वर करते. तुरुंगाच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, ‘आमच्या साइटवर इशारा दिलेला आहे.’ दिलेला आहे, पानाच्या तळाशी, आणि कैद्याचं नाव, नंबर, आरोप मात्र वर ठळक अक्षरांत. चोराला ताट वाढून द्यायचं आणि जेवणाऱ्यांना सांगायचं की सांभाळून बसा! इथले पोलीस म्हणाले, गुन्हा टेक्सासचा. टेक्सासचे म्हणाले, पैसे न्यू जर्सीतून गेले. अमेरिकेच्या केंद्रीय पोर्टलवर तक्रार केली, पोच आली, पुढे शांतता. ताई नाशिकच्या पोलीस ठाण्यात गेली, तर तिथे उलटं तिलाच विचारलं, मुलाने केलं काय. पैसे भारतातल्या खात्यातून गेले असते तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करून ते गोठवायला सांगता आले असते. हद्दीचं कारण सांगून कुणी परत पाठवलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खालची झिरो एफआयआर मागा. आमचे पैसे अमेरिकेतून गेले, त्यामुळे तो दरवाजाही बंद.

वकिलातीबद्दल एक गैरसमज: अटक झाली की तिला आपोआप कळतं, असं नाही. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार हा हक्क आहे हे पोलिसांनी परदेशी कैद्याला सांगायचं असतं. भारताच्या बाबतीत कैद्याने हो म्हटलं तरच कळवतात. तुरुंगातून त्याचा फोन आला की पहिल्याच मिनिटात ‘हो म्हण’ सांगा, आणि गुन्ह्याबद्दल एक शब्द बोलू देऊ नका, फोन रेकॉर्ड होतो. बाहेरून आत फोन लागत नाही, त्यामुळे ‘त्याच्याशी बोलणं करून देतो’ म्हणणाऱ्यालाही ओळखा.

सुटून आल्यावर मगशॉटवाले, म्हणजे अटकेच्या वेळचा फोटो साइटवर छापणारे, येतात. भाच्याचा फोटो काढून टाकायचे ३९९ मागितले. ते दिले नाहीत. फोटो छापून तो काढायचे पैसे घेणाऱ्या धंद्यावर टेक्सासमध्ये २०१३ पासून कायद्याची बंधनं आहेत, कॅलिफोर्नियात तर २०१५ पासून तसे पैसे घेणंच बेकायदा आहे. मे २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाने असाच धंदा करणाऱ्या चौघांवर खंडणीचे आरोप लावले. मागणीचा ईमेल पुसू नका, तसाच राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे पाठवा.

२९.९५ चं काय, तर नुसतं कार्ड बदलून भागत नाही, काही साइट नव्या कार्डावरही कापतात. आधी त्यांच्या पानावरून वर्गणी रद्द करायची, रद्द झाल्याच्या पानाचा फोटो ठेवायचा, मग बँकेकडे वाद घालायचा. इथे क्रेडिट कार्ड असेल तर बँक ऐकते. आणि त्या साइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत ‘ऑप्ट आउट’ असतं. तिथून घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि फोन काढून टाका, फुकट होतं. एका साइटवरून काढलं तरी दुसरीकडे राहतं, तेव्हा एकेक करून सगळीकडून.