सेलमधला फ्रिज की राजारामपुरीतला? आमच्या घरचा हिशेब

सप्टेंबर लागला की आमच्या घरात दोन पंचांगं चालतात. एक भिंतीवरचं, दुसरं मोबाईलमधलं. दोघांचं काही पटत नाही. २०२३ ला ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोघांचेही मोठे सेल ८ ऑक्टोबरला सुरू झाले, २०२४ ला २७ सप्टेंबरला. दोन्ही वेळा ऐन पितृपक्ष. २०२५ ला तेवढं जमलं: २२ सप्टेंबरला घट बसले आणि २३ ला सेल उघडला.

आमचा फ्रिज गेला तो नेमका २०२४ ला. चौदा वर्षं चालला बिचारा. मी मोबाईल घेऊन बसले, तर सासूबाई म्हणाल्या, "पितृपक्षात नवी वस्तू घरात? मी हाय तवर न्हाई." तेव्हा मला राग आला होता. पण थांबावं लागलं म्हणून मी ऑनलाइन सेलचे आणि आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या दुकानांचे भाव शांतपणे लावून बघितले, आणि त्यातून जे कळलं ते दसऱ्याला काही मोठं घ्यायच्या विचारात असलेल्यांच्या उपयोगी पडावं.

आधी पोस्टरवरचा आकडा. २५० लिटरच्या आसपासचा डबल डोअर फ्रिज, मोठ्या अक्षरात १९,९९० आणि शेजारी एक छोटी चांदणी. त्या चांदणीत सगळी मेख. खरा भाव २३,४९०. त्यातून एका ठराविक बँकेच्या कार्डावर १,५०० वजा आणि जुन्या फ्रिजचे २,००० 'पर्यंत' वजा, मग १९,९९०. ते कार्ड आमच्याकडं नाही. जुन्या फ्रिजची माहिती भरली तर ॲपनं ९०० रुपये दाखवले. म्हणजे आमच्यासाठी फ्रिज २२,५९० चा. आणखी एक: जाहिरातीत 'कार्डावर १० टक्के सूट' असं असतं, आणि खाली बारीक अक्षरात कमाल रक्कम. तुम्ही ४०,००० च्या वस्तूवर मनात ४,००० धरून बसता आणि हातात येतात दीड हजार.

एमआरपीवर काट मारून दाखवलेले 'इतके टक्के कमी' तर मी बघतच नाही. एमआरपी म्हणजे कमाल किंमत, त्यापेक्षा जास्त घेता येत नाही एवढाच तिचा अर्थ. त्या किमतीला फ्रिज विकताना मी कोल्हापुरात तरी कुणाला बघितलेलं नाही. खरी तुलना करायची तर ती ऑगस्टमधल्या भावाशी. मी ते कॅलेंडरवर लिहिते, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी त्याच चौकोनात. ऑगस्टच्या पंधरा तारखेला २४,२०० लिहिलं होतं. म्हणजे सेलची खरी सूट सातशे दहा रुपये.

मग राजारामपुरी. पितृपक्षात या दुकानांत जाऊन बघा, पोरं काउंटरवर बसून मोबाईल बघत असतात. गिऱ्हाईक नाही. आणि भाव करायला याच्यासारखा पंधरवडा नाही. दसऱ्याच्या दिवशी त्याच दुकानात उभं राहायला जागा नसते, तेव्हा कोण तुमच्याशी घासाघीस करणार? आम्ही सर्वपित्रीच्या तीन दिवस आधी गेलो. मालकानं आधी सव्वीस हजार सांगितले. मी मोबाईल पुढं केला.

"काकू, ह्यात बँकेचं कार्ड धरलंय. हाय का तुमच्याकडं?"

"नाही."

"मग हे १९ सोडा. तुम्हाला कितीला पडतंय ते सांगा."

सांगितलं. त्यानं कॅल्क्युलेटर ओढला, काहीतरी बडबडत बटणं दाबली आणि माझ्याकडं फिरवला: २४,०००. जुन्या फ्रिजचे दीड हजार वजा, स्टँड फुकट, तिसऱ्या मजल्यावर दुकानातली पोरं चढवणार. सासूबाई गप्प बसल्या होत्या, त्या एकच बोलल्या, "बुकिंग आज करू, पण घरात दसऱ्याला यायला पायजे." पाचशे रुपये दिले, पावती घेतली, भाव गोठला. १२ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या सकाळी, फ्रिज आला, झेंडूच्या तोरणाखालून आत गेला.

आता शेजारी शेजारी ठेवून बघा. ऑनलाइन २२,५९०, अधिक स्टँडचे ५५०, अधिक जिन्यावरून वर चढवण्याचे वरखर्चाचे ३०० (डिलिव्हरीवाले तळमजल्यावर ठेवून 'लिफ्ट नाही का?' विचारतात, अनुभव आहे). झाले २३,४४०. दुकानात २२,५००. दुकान ९४० रुपयांनी स्वस्त. पण ते कार्ड आमच्याकडं असतं तर ऑनलाइन २१,९४० ला पडला असता, म्हणजे सेल ५६० रुपयांनी जिंकला असता. तरीही मी दुकानातूनच घेतला असता का? बहुतेक हो. ५६० रुपयांत तीन मजले आणि सासूबाई, दोन्ही सांभाळले गेले असते.

म्हणून माझा पहिला प्रश्न असतो तो कार्डाचा. सेलमध्ये ज्या बँकेची सूट आहे ते कार्ड हातात नसेल, तर मोठ्या वस्तूला पेठेतलं किंवा राजारामपुरीतलं दुकान बरोबरीला येतं, कधी पुढंही जातं. फक्त मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. ऑनलाइनसाठी काढलेल्या मॉडेलचं एखादं अक्षर वेगळं असतं, आणि मग दुकानदार म्हणतो 'तो वेगळा, हा वेगळा'. तो खोटं बोलत नसतो. तेवढ्याच लिटरच्या दोन फ्रिजमध्ये स्टारही वेगळे असू शकतात. स्टारच्या लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते वाचा. पन्नास युनिटांचा फरक असेल आणि तुमच्या बिलात युनिटला दहा रुपये पडत असतील, तर वर्षाला पाचशे गेले. फ्रिज दहा वर्षं वापरायचा असतो.

पोच, पोचा आणि ओटीपी

२०२२ च्या सेलमध्ये आम्ही वॉशिंग मशीन ऑनलाइन घेतलं होतं. भाव खरोखर चांगला होता, दुकानापेक्षा दोन हजारांनी कमी. खोका वरून एकदम टवटवीत. पोरगा घाईत होता, दारातच ओटीपी मागितला, ह्यांनी दिला. खोका काढला तर मागच्या खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढा पोचा. मोठ्या वस्तूंना बहुतेक ठिकाणी 'परत' नसतं, 'बदली' असते, आणि बदलीच्या आधी मेकॅनिक येऊन बघतो. तो आला, फोटो काढले, गेला. पुन्हा एकदा फोटो. दुसरं मशीन यायला एकोणीस दिवस लागले. तेवढे दिवस पोचेवालं मशीन बाल्कनीत आणि कपडे हातानं. तेव्हापासून नियम: आधी खोका उघडायचा, मोबाईलवर चित्रण करायचं, मग ओटीपी. कुणी कितीही कुरकुर करो.

दुकानं काही साधू नाहीत. माझ्या नणंदेला एका दुकानातून टीव्ही आला तो शोरूमच्या भिंतीवर वर्षभर लावलेला पीस निघाला. रिमोटच्या प्लास्टिकवरून कळलं, ते आधीच फाडलेलं होतं. म्हणून दुकानातून घेताना मागच्या लेबलवरचा उत्पादनाचा महिना बघा, पॅनेलवरची फिल्म शाबूत आहे का बघा, आणि बिलावर सिरीयल नंबर टाकायला लावा. 'बिल नको असेल तर अजून कमी करतो' म्हणणाऱ्याला हात जोडायचे. वॉरंटी कंपनीची असते, माल कुठूनही घ्या, येणारा मेकॅनिक त्याच सर्व्हिस सेंटरचा. पण बिलाशिवाय तो येऊन करणार काय?

एक फरक मात्र कागदावर दिसत नाही. मशीन बिघडलं की ऑनलाइनवाल्याला मी चॅट करते, 'आपल्या संयमाबद्दल आभार' येतं. दुकानदाराला फोन केला की तो सर्व्हिसवाल्याला माझ्यादेखत शिवी हासडतो. काम दोन्हीकडं होतं, पण दुसरीकडं लवकर.

मोबाईल आणि टीव्ही

मोबाईलला माझं मत उलटं. तो तिसऱ्या मजल्यावर चढवावा लागत नाही, पोचा येत नाही, काही मॉडेलं तर ऑनलाइनच निघतात. सेलमध्ये घ्या. फक्त जुना मोबाईल देऊन नवा घेत असाल तर ॲपवर दिसणारी किंमत दारात येणारा माणूस तपासून मग पक्की करतो. काचेवर बारीक चरा असेल तर तो सापडतोच. शक्य असेल तर जुना फोन आधी बाहेर विकून बघा, बऱ्याचदा जास्त येतात.

टीव्ही या दोन्हींच्या मधला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा आणि एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. म्हणजे करासकट ४०,००० चा टीव्ही नुसत्या करकपातीनं ३६,८७५ वर यायला हवा. त्या साली सेल दुसऱ्याच दिवशी उघडला, आणि करकपात व सेलची सूट एकाच पोस्टरवर हातात हात घालून उभ्या होत्या. कर दुकानातही तेवढाच उतरला होता. फ्रिज आणि वॉशिंग मशीनला त्या दिवशी काही फरक पडला नाही, ते २०१८ पासूनच १८ टक्क्यांत आहेत, हे सांगावं लागलं कारण ओळखीचे दोघंजण 'जीएसटी कमी झालाय' म्हणून फ्रिज घेऊन आले.

हप्ते, फरक आणि उधारी

कोल्हापूरचा खरा प्रश्न भावाचा कमी आणि वेळेचा जास्त. सेल येतो नवरात्राच्या आगेमागे. दूध संघाचा फरक, म्हणजे घातलेल्या दुधावर नंतर मिळणारी जादा रक्कम, येतो दिवाळीच्या तोंडावर, एमआयडीसीतला बोनसही तेव्हाच, आणि उसाचं बिल तर साखर कारखान्यांचे बॉयलर पेटल्यावर. पैसे नसताना सेल, म्हणून मग 'नो कॉस्ट', म्हणजे बिनव्याजी म्हणवणारे हप्ते. क्रेडिट कार्डावरच्या शून्य टक्के योजनांना रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच मनाई केली. त्यामुळं आता व्याज लागतंच, फक्त तेवढी रक्कम सूट म्हणून आधी वजा दाखवतात. ३०,००० ची वस्तू, सहा हप्ते पाच पाच हजारांचे, व्याज १६ टक्के धरलं तर व्याज होतं साधारण १,३६०. ते सूट म्हणून वजा झालं. पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे २४५ च्या आसपास, तुमच्याच खात्यावर. शिवाय प्रोसेसिंग फी १९९ धरली तर करासह २३५. म्हणजे 'नो कॉस्ट'चे झाले ४८० रुपये. फार नाहीत, पण शून्यही नाहीत.

दुकानात कोपऱ्यात फायनान्सवाल्याचं टेबल असतं. तिथं बसण्याआधी मालकाला विचारा, "रोख दिले तर किती?" आकडा खाली येतो. यूपीआयनं दिले तरी चालतं, कार्डाला काहीजण दोन टक्के वर मागतात. आणि ओळख असेल तर तिसरा मार्ग आहे, जो कुठल्याच ॲपवर नाही: पाचशे-हजार देऊन भाव बांधायचा आणि 'फरक आला की उरलेले देतो' म्हणायचं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या वॉशिंग मशीन अशाच आल्यात. सेलवाले 'शेवटचे काही तास' म्हणून घड्याळ लावतात, पण तोच सेल नाव बदलून दिवाळीपर्यंत चालतो आणि जानेवारीत २६ तारखेच्या नावानं परत येतो. अशा खोट्या घाईला २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्राच्या नियमावलीत चक्क फसव्या युक्त्यांच्या यादीत बसवलंय.

बाकी किरकोळ

कुकर ऑनलाइन घेताना आयएसआयचा शिक्का बघा. शिक्का नसलेले कुकर विकू दिल्याबद्दल २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मोठ्या ऑनलाइन कंपन्यांना प्रत्येकी लाखाचा दंड लावला होता. नवरात्राच्या नऊ रंगांच्या स्वस्त साड्या सेलमधून आणायला हरकत नाही, पण अंगावर घेऊन बघायची साडी असेल तर महाद्वार रोडवर गादीवर बसूनच.

कोल्हापुरी चप्पल ऑनलाइन घेऊ नका. निदान कोल्हापुरात राहून तरी नको. शेजारच्या पोरीनं सेलमध्ये मागवली, पाकिटावर विक्रेत्याचा पत्ता भलत्याच राज्यातला आणि आत रेक्झिन. २०१९ ला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना, नुसत्या आकाराला नाही. इथं पापाच्या तिकटीला, चपलांच्या दुकानांत, दहा मिनिटांत चार जोड पायात घालून होतात, चामड्याचा वास नाकाला कळतो, आणि अंगठा चावला तर दुकानदार तिथंच ठोकून सैल करून देतो.

तक्रारीचं एवढं लक्षात ठेवा. ऑनलाइन कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा, असा २०२० चा नियम आहे. नाही झालं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरला फोन. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात दावा करता येतो, पाच लाखांपर्यंत फी नाही. कंपनी बंगळुरात असो की आणखी कुठं, त्यांनी कोल्हापुरात यायचं.

यंदा आमच्याकडं टीव्हीचं चाललंय. कॅलेंडरवर तीन आकडे लिहून झालेत. धाकट्या दिराकडं सूटवालं कार्ड आहे, मागितलं तर तो देईलही. पण त्याच्या कार्डावर टीव्ही आला की तो प्रत्येक मॅचला आमच्याच सोफ्यावर येऊन बसणार, आणि चहा-भडंगाचा खर्च धरला तर ते १,५०० किती दिवस पुरतात हे मी अजून मांडलेलं नाही.