मदरबोर्डाची रेड सोडून एमडीॲडम घेतलं: दीड वर्षाच्या वापरानंतर

बाबा हार्मोनियमवर साथ करायचे. सांगली-मिरजेतल्या बैठकांच्या १८६ कॅसेटी त्यांनी मागे ठेवल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात माळा आणि पाणी यांच्यात हातभर अंतर राहिलं होतं. माळ्यावरच्या कॅसेटी वाचल्या, खालचा कॉम्प्युटर गेला. विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्यावर मी सुटे भाग आणून नवा कॉम्प्युटर स्वतः जोडला आणि एकेक कॅसेट २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर उतरवायला घेतली. तासाला साधारण एक जीबी होतं. काही फिती आता दुसऱ्यांदा वाजतील असं वाटत नाही, म्हणून दोन टीबीच्या दोन डिस्क घेऊन रेड केली, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून चालवायची मांडणी. त्यातली माझी रेड १. जे एकीवर, तेच दुसरीवर.

तेव्हा ही रेड मदरबोर्डाच्या बायोसमधूनच, म्हणजे मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या बोर्डातल्याच प्रोग्राममधून, केली होती. चार वर्षं काही झालं नाही. मग एका पावसाळ्यात दिवसभर लाइट नव्हती आणि आल्यावर कॉम्प्युटर भलतीच जुनी तारीख दाखवायला लागला. बोर्डावरचा सीआर २०३२ सेल, तारीख आणि सेटिंग जपणारा, संपला होता. सेल संपून वीजही गेली की बायोसच्या सेटिंग मूळपदावर जातात. माझ्या बोर्डाचा साटा मोड, म्हणजे बोर्डानं डिस्क कशा हाताळायच्या ती सेटिंग, त्यात रेडवरून एएचसीआयवर गेला. एएचसीआयमध्ये बोर्ड प्रत्येक डिस्क सुटी धरतो. विंडोज सुरू झालं, पण एक डिस्क साधी सुटी दिसत होती आणि दुसरी 'ऑफलाइन', कारण दोघींची ओळख एकच. घाबरून एका दुकानात नेलं. तिथे म्हणाले, "ताई, एक डिस्क गेलीय. फॉरमॅट मारून रेड नव्यानं बनवू." बायोसमधून रेड नव्यानं बनवणं म्हणजे दोन्ही डिस्क पुसणं. मी कॅबिनेट उचलून घरी आले. नवा सेल घातला, साटा मोड परत रेडवर नेला आणि रेड उभी राहिली. कोणाकडे अशी वेळ आली तर कृपा करून आधी तारीख आणि साटा मोड बघा. डिस्कला हात नंतर.

मला झोप लागली नाही ती पुढच्या गोष्टीनं. बोर्ड 'नॉर्मल' म्हणत होता. पण मधल्या वेळात विंडोजनं त्यातल्या एकाच डिस्कवर लिहिलं होतं, म्हणजे दोघींत फरक पडलेला असणार आणि बोर्डाला त्याचा पत्ताच नाही. त्याच रात्री सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलं आणि एमडीॲडमकडे वळले.

एमडीॲडम म्हणजे लिनक्समध्ये रेड बनवण्याचं आणि सांभाळण्याचं फुकट साधन. मी डेबियनवर, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकारावर, वापरते. बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय ठेवायचा, बोर्डाला रेडमधून बाहेर काढायचं. रेडची माहिती डिस्कवरच लिहिलेली असते, त्यामुळे उद्या मदरबोर्ड जळाला तरी त्याच कंपनीचा बोर्ड शोधत हिंडावं लागत नाही. कुठल्याही लिनक्स मशीनला डिस्क लावल्या की रेड पुन्हा जुळते. शिवाय प्रत्येक डिस्कवर घडामोडींचा आकडा असतो. एक डिस्क मागे पडली तर आकडाही मागे पडतो आणि कुठली शिळी हे कळतं.

पहिल्याच आठवड्यात अडखळले. एमडी० नावानं बनवलेली रेड रीस्टार्टनंतर एमडी१२७ झाली आणि मशीन सुरू होताना इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीपुरत्या काळ्या पडद्यावर, अडकलं. रेडची ओळख एमडीॲडमच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहून इनिटरॅमएफएस, म्हणजे लिनक्स सुरू होताना आधी वाचलं जाणारं छोटं गाठोडं, नव्यानं बनवायचं राहिलं होतं. ते केलं, आणि माउंट करताना, म्हणजे रेड वापरासाठी जोडताना, नावाऐवजी यूयूआयडी हा न बदलणारा ओळख क्रमांक दिला. मग पुन्हा त्रास नाही. नवख्या माणसाला हे कोणी आपणहून सांगत नाही, आणि एमडीॲडमबद्दल माझी खरी तक्रार हीच. खिडकी नाही, बटण नाही, सगळं टाइप करायचं.

पण दाखवतं ते स्वच्छ दाखवतं. रेडची स्थिती सांगणारी एमडीस्टॅट फाइल उघडली की कंसात दोन यू दिसतात, चालू असलेल्या प्रत्येक डिस्कचा एक. एका यूच्या जागी आडवी रेघ आली की ती डिस्क बाहेर. मार्चमध्ये तशी रेघ आली. स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते ते आकडे काढले: ५ नंबर, म्हणजे बदललेले सेक्टर, शून्य. १९७, म्हणजे वाचताना अडलेले सेक्टर, तेही शून्य. १९९ मात्र वाढत होता. १९९ हा डिस्क आणि बोर्ड यांच्यातल्या देवाणघेवाणीतल्या चुकांचा आकडा, आणि तो वाढला की आधी केबलवर संशय घ्यायचा. साटा केबल बदलली, डिस्क परत जोडली. कुठे कुठे लिहिलं गेलं याचा नकाशा म्हणजे बिटमॅप असल्यामुळे तेवढाच भाग भरला गेला आणि काही मिनिटांत दोन यू परत आले. बिटमॅप नसता तर पूर्ण दोन टीबी भरायला काही तास गेले असते. चांगली डिस्क मी कचऱ्यात टाकली असती, ती वाचली.

डेबियन दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही डिस्क आपणहून ताडून बघतं. त्या दिवशी मशीन थोडं मंद चालतं, आणि मी मुद्दाम काम ठेवत नाही.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या एमडी१२७ साठी कापला.

पुरातून आलेल्या माणसानं एक लक्षात ठेवावं, दोन्ही डिस्क एकाच पेटीत असतात. चुकून पुसलेली फाइलही दोन्हींवरून एकदमच जाते. म्हणून तिसरी डिस्क मिरजेला मामेबहिणीकडे असते, दर दोन महिन्यांनी मी ती आणते, भरते आणि परत देऊन येते. आतल्या दोन्ही डिस्कच्या कडेला सीरियल नंबरच्या पट्ट्या चिकटवल्यात, कारण रेघ आली तेव्हा कुठली केबल ओढायची हे शोधण्यात माझा अर्धा तास गेला होता.