पॅनलवर काम करताना कुठले ग्लोव्हज घ्यावेत: रबर, लेदर की आर्क रेटेड?

४१५ व्होल्टच्या पॅनलवर काम करणाऱ्या मेंटेनन्सच्या पोरांसाठी लिहितोय, कारण बरेच जण दुकानात "इलेक्ट्रिकलचे ग्लोव्हज द्या" एवढंच सांगतात आणि मिळेल ते घेऊन येतात. पॅनलमधे धोके दोन असतात, शॉक वेगळा आणि आर्क फ्लॅश (शॉर्ट होऊन उडणारा प्रचंड उष्णतेचा भडका) वेगळा. एकाला अडवणारा ग्लोव्ह दुसऱ्याला अडवेलच असं नाही.

रबरचे इन्सुलेटिंग ग्लोव्हज शॉकसाठी. त्यात क्लास बघायचा: ०० म्हणजे ५०० व्होल्ट एसीपर्यंत, ० म्हणजे १०००, १ म्हणजे ७५०० आणि २ म्हणजे १७०००, त्यामुळे ११ केव्हीला क्लास १ घेऊन गेलात तर तो चालतच नाही. ४१५ ला क्लास ०० नियमात बसतो, पातळ असतो, बारीक स्क्रू नि कंट्रोल वायरिंग हाताळायला सोपा जातो. तरी मी क्लास ० च घ्या म्हणेन, कारण त्याच प्लांटमधे एखादी ६९० व्होल्टची मोटर असली की ०० चं काम संपलं आणि घाईत ग्लोव्हवरचं लेबल कोण वाचतं. पण नुसतं रबर आर्कच्या उष्णतेत पेटू शकतं आणि पत्र्याच्या कडेला लागलं तर फाटतं, म्हणून वरून लेदर प्रोटेक्टर पाहिजेच. लेदरची कड रबरच्या कडेपेक्षा आखूड हवी, क्लास ० ला किमान १३ मिमी, क्लास २ ला ५१ मिमी, नाहीतर करंटला लेदरवरून थेट हातापर्यंत वाट मिळते.

नुसतं जाड लेदर उष्णतेला चांगलं टिकतं. एनएफपीए ७०ई ह्या अमेरिकेच्या इलेक्ट्रिकल सेफ्टीच्या मानकामधे किमान ०.७ मिमी जाडीच्या लेदरने १० कॅलरी प्रति चौरस सेंटीमीटरच्या वर आर्क सोसल्याचं दिलंय, आणि कातडीवर फोड यायला १.२ कॅलरी पुरते. पण ते घालून लाइव्ह टर्मिनलला हात लावायचा नाही म्हणजे नाही, घामाने ओलं झालेलं लेदर करंट अडवत नाही.

आर्क रेटेड ग्लोव्हज मऊ, बोटं छान वळतात, कॅलरीचा आकडा वर छापलेला असतो, तो पॅनलवरच्या आर्क फ्लॅशच्या स्टिकरमधल्या कॅलरीच्या आकड्यापेक्षा जास्त हवा. ब्रेकर ऑन-ऑफ करणं, रॅक आउट करणं (म्हणजे ब्रेकर पॅनलमधून बाहेर सरकवणं), जिथे लाइव्ह भागाला हात लागायची शक्यताच नाही, तिथे हे बेस्ट. व्होल्टेजचा क्लास छापलेला नसेल तर शॉकसाठी ह्यांच्यावर विसंबू नका.

एकच जोड घ्यायचं बजेट असेल तर क्लास ० रबर आणि वरून लेदर, दोन्ही धोक्यांना तोच कामाला येतो. शटडाऊन मिळत असेल तर आधी ते घ्याच, पण सप्लाय गेलाय का हे टेस्टरने बघेपर्यंत ग्लोव्हज हातातच पाहिजेत. आत घालायला सुती हातमोजे घ्या, नायलॉनचे नको, ते वितळून कातडीला चिकटतात. आणि घेताना टेस्टची तारीख बघा, अमेरिकेच्या ओशा (कामगार सुरक्षेचं सरकारी खातं) नियमात वापरातल्या रबर ग्लोव्हजची दर ६ महिन्यांनी इलेक्ट्रिकल टेस्ट सांगितलीय. रोज घालायच्या आधी मनगटाकडून गुंडाळत हवा कोंडून दाबायचं, कुठून बारीक फुस्स आलं तरी तो जोड लगेच कापून टाका म्हणजे दुसरं कोणी उचलून वापरणार नाही.