हाकोने की किनोसाकी? ऑनसेनच्या गावी मुक्कामाआधी विचारात घेण्याच्या गोष्टी

जपानच्या सहलीत एक-दोन रात्री ऑनसेनच्या, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी रियोकानमध्ये, म्हणजे पारंपरिक निवासगृहात, काढायच्या असे ठरले की पुढचा प्रश्न गावाचा येतो. टोकियोहून जवळ असलेले हाकोने आणि क्योतोच्या वायव्येस, ह्योगो प्रांताच्या उत्तर टोकाला वसलेले किनोसाकी ही दोन्ही गावे नावाजलेली आहेत. छायाचित्रांत दोन्हीकडच्या खोल्या सारख्याच दिसतात आणि मध्यम दर्जाच्या मुक्कामाचा खर्चही फारसा वेगळा नसतो. तरीही हे दोन अनुभव अगदी निराळे आहेत, कारण हाकोनेत स्नान निवासगृहाच्या आत होते आणि किनोसाकीत ते गावात होते. म्हणून निवड करताना आपल्याबरोबर कोण येणार आहे हे आधी पाहावे आणि खोल्यांची छायाचित्रे नंतर पाहावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन्हीकडे समान असलेला दिनक्रम प्रथम सांगतो. दुपारी तीनच्या सुमारास खोली मिळते, दारात पादत्राणे काढावी लागतात, तातामीच्या चटयांवर चहा येतो आणि पाहुणे युकाता हा सुती झगा घालतात. तो घालताना डावी बाजू उजवीवर घ्यायची असते. उलट घडी मृतदेहाला घालतात. संध्याकाळी सहा-सातला अनेक पदार्थांचे जेवण असते, त्यानंतर जमिनीवर फुतोनचे अंथरूण घातले जाते आणि दुसऱ्या दिवशी नाश्ता करून दहाच्या सुमारास खोली सोडायची असते. दर बहुधा खोलीमागे नसून माणशी असतो आणि त्यात दोन वेळचे जेवण धरलेले असते. त्याशिवाय माणशी साधारण 150 येन स्नानकर द्यावा लागतो. जेवणाची वेळ टळली तर पुन्हा स्वयंपाक होत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत, त्यामुळे दिवसभर भटकून रात्री नऊला पोहोचणाऱ्यांनी रियोकानवर खर्च न केलेलाच बरा.

आता स्नानाविषयी, कारण खरी अडचण तिथेच येते. वज्रेश्वरी, गणेशपुरी किंवा उन्हवरे येथील कुंडांत आपण अंगावर कपडे ठेवून उतरतो. ऑनसेनमध्ये कपडे चालत नाहीत. स्त्रिया आणि पुरुषांचे विभाग स्वतंत्र असतात, पण विभागाच्या आत सर्वजण विवस्त्र असतात. कुंडात उतरण्यापूर्वी भिंतीलगतच्या नळापाशी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचे, साबणाचा अंश राहू द्यायचा नाही, लांब केस वर बांधायचे आणि हातातला छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, इतके पाळले की कोणी आपल्याकडे पाहतही नाही. पाणी बहुधा चाळीस ते बेचाळीस अंशांचे असते, त्यामुळे पहिल्या खेपेस पाच-सात मिनिटे पुरेशी होतात. तरुण मित्रमंडळींचा संकोच अर्ध्या तासात ओसरतो. परंतु सासूबाई आणि सून, किंवा वडील आणि वयात आलेला मुलगा, यांच्या बाबतीत तो ओसरेलच असे गृहीत धरणे योग्य नाही.

येथे हाकोनेचे पारडे जड होते. तेथे खोलीलगतच झऱ्याच्या पाण्याचे स्वतंत्र कुंड असलेली निवासगृहे भरपूर आहेत, आणि ज्यांना तो खर्च परवडत नाही त्यांच्यासाठी पाऊण-एक तास राखून ठेवता येणारे कौटुंबिक स्नानगृहही अनेक ठिकाणी असते. पती-पत्नी किंवा लहान मुलांसह आई-वडील दार लावून निवांतपणे स्नान करू शकतात. अंगावर गोंदण असेल तर हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा ठरतो. जपानमधील अनेक सार्वजनिक स्नानगृहांत गोंदलेल्या व्यक्तींना मज्जाव असतो, आणि आजीच्या हातावरचे तुळशीवृंदावन व तरुणाच्या पाठीवरचे चित्र यांत नियम फरक करीलच असे नाही. गंमत अशी की याच बाबतीत किनोसाकी हाकोनेपेक्षा उदार आहे: तेथील सार्वजनिक स्नानगृहांत गोंदणाला मनाई नाही.

किनोसाकीचे वैशिष्ट्य समजण्यासाठी त्या गावाचा इतिहास थोडा पाहावा लागतो. दोची नावाच्या बौद्ध भिक्षूने हजार दिवस प्रार्थना केल्यावर 720 मध्ये येथे गरम पाणी प्रकट झाले, अशी परंपरा सांगते. त्याच्याशी जोडलेले मांदारायु हे स्नानगृह आजही आहे. शतकानुशतके पाहुणे राहायचे निवासगृहात आणि स्नानाला जायचे गावातील सामायिक स्नानगृहांत. मे 1925 मधील भूकंप आणि त्यानंतरची आग यांत गाव जवळजवळ संपूर्ण नष्ट झाले आणि नव्याने उभारले गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी एका निवासगृहाने आपल्या आवारात स्वतःचे गरम कुंड केले, तेव्हा गावाने न्यायालयात धाव घेतली, कारण झऱ्याचे पाणी सर्वांचे आहे आणि प्रत्येकाने आपापल्या घरात ते कोंडले तर रस्ते ओस पडतील अशी लोकांना भीती होती. हा वाद 1950 मध्ये तडजोडीने मिटला: पाण्याचे व्यवस्थापन सामायिक राहिले आणि निवासगृहांना अंतर्गत कुंडे करता आली, पण मर्यादित आकाराची. आज संध्याकाळी किनोसाकीच्या रस्त्यावर जी वर्दळ दिसते तिचे मूळ बऱ्याच अंशी या तडजोडीत आहे.

ती वर्दळ पाहण्यासारखीच असते. ओतानी नदीच्या दोन्ही काठांवर विलोचे वृक्ष आहेत, नदीवरून छोटे कमानदार दगडी पूल गेले आहेत, आणि जेवणाच्या आधी व नंतर युकाता घातलेले, हातात टोपली घेतलेले लोक गेता ही लाकडी पादत्राणे खडखडवत एका स्नानगृहातून दुसऱ्याकडे जात असतात. गावात अशी सात स्नानगृहे असून निवासगृहात उतरलेल्यांना सर्वांसाठी मोफत प्रवेशाचा पास मिळतो. इचिनोयुमध्ये खडक कोरून केलेले गुहेसारखे कुंड आहे, गोशोनोयुमध्ये उघड्या आकाशाखाली धबधब्यासमोर बसता येते, आणि कोनोयुविषयी अशी आख्यायिका आहे की जखमी करकोचा तेथील पाण्यात पाय बुडवून बरा झाला. करकोच्याचा उल्लेख या भागात केवळ आख्यायिकेपुरता नाही. जपानमधून वन्य अवस्थेत नाहीसा झालेला हा पक्षी 2005 पासून किनोसाकी ज्या तोयोओका शहराच्या हद्दीत येते तेथेच पुन्हा निसर्गात सोडण्यात आला, आणि शेतांत तो आज उतरताना दिसतो.

हाकोनेत संध्याकाळी असे गाव अनुभवायला मिळत नाही. ते एक गाव नसून डोंगरउतारांवर विखुरलेल्या वस्त्यांचा समूह आहे, त्यामुळे रात्री निवासगृहातच थांबावे लागते. त्याची भरपाई दिवसा होते. हाकोने-युमोतोहून झिगझॅग वळणे घेत चढणारी डोंगरी रेल्वे, गोराहून केबलकार, पुढे रोपवेने ओवाकुदानीच्या धुमसत्या ज्वालामुखी खोऱ्यावरून तोगेंदाई, आणि तेथून आशी सरोवरातील बोट, असा फेरा एकाच पासवर करता येतो. आकाश निरभ्र असेल तर फुजी पर्वत दिसतो. खोऱ्यातील गंधकयुक्त वायू वाढले की रोपवे थांबवला जातो, 2015 मध्ये तर लहानसा उद्रेकही झाला होता. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी तेथे उतरू नये, अशा सूचना लावलेल्या असतात आणि त्या गांभीर्याने घ्याव्यात.

पाण्याबद्दल थोडेच सांगावे लागेल. किनोसाकीचे पाणी स्वच्छ आणि किंचित खारट असते. हाकोनेत वस्तीगणिक पाणी बदलते. गोरा आणि सेन्गोकुहारा येथील काही ठिकाणी ते दुधाळ, गंधकयुक्त असते. अशा पाण्यात चांदी काळी पडते, म्हणून जोडवी, पैंजण आणि चांदीच्या साखळ्या आधीच काढून ठेवाव्यात.

जेवणाच्या बाबतीत शाकाहारी वाचकांनी निर्णय फार विचारपूर्वक घ्यावा. रियोकानच्या जेवणाचा पाया दाशी हा अर्क असतो आणि तो बहुधा वाळवलेल्या बोनितो माशापासून काढतात. सूप, उकडलेली भाजी, बुडवून खाण्याचे पातळ सॉस, सगळ्यांत तो असतो. केवळ "शाकाहारी" असे कळवले तर मासळीचे तुकडे वगळले जातात, पण अर्क राहतो. म्हणून आरक्षण करतानाच मांस, मासे आणि माशांचा अर्क यांपैकी काहीही चालणार नाही असे स्पष्ट लिहावे आणि होकार लेखी घ्यावा. किनोसाकीचा लौकिकच हिवाळी खेकड्यांवर आणि ताजिमा जातीच्या गोमांसावर उभा आहे. खेकड्यांचा हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो आणि त्या काळात दर बरेच चढतात. मासळीवर प्रेम असलेल्या कोकणी किंवा गोव्याच्या कुटुंबाला तेथे जानेवारीसारखा काळ नाही; मात्र शाकाहारी माणसाने त्याच दरात तेथे राहणे म्हणजे न खाल्लेल्या खेकड्याचे पैसे देणे होय. त्यांच्यासाठी केवळ नाश्त्यासह किंवा जेवणाशिवाय आरक्षण हा मार्ग आहे, पण गावातील खाणावळी लवकर बंद होतात आणि शाकाहारी पर्याय मोजके असतात. हाकोनेत परदेशी पाहुण्यांची सवय अधिक असल्याने वेगळे जेवण करून देणारी जागा शोधल्यास सापडते. कांदा-लसूणही वर्ज्य असलेल्यांनी मात्र दोन्ही गावे सोडून कोयासान पर्वतावरील मठांत मुक्काम करावा, असे मी सुचवीन. तेथील बौद्ध आहारात मांस-मासे नसतात, कांदा-लसूण नसतो आणि अर्क समुद्री शेवाळाचा व मशरूमचा असतो. तेथे गरम झऱ्याचे सुख जवळजवळ नाही, हे मात्र पत्करावे लागेल.

गुडघेदुखी असणाऱ्यांनी दोन्हीकडे पलंग असलेली खोली आणि खुर्ची-टेबलावरचे जेवण मागून घ्यावे. किनोसाकीत त्यांना आणखी एक त्रास होतो: स्नानगृहांमधील अंतर थोडे असले तरी गेता घालून चालणे, तेही हिवाळ्यातील बर्फात, सोपे नसते.

प्रवासाचा हिशेब सरळ आहे. टोकियोतील शिंजुकुहून हाकोने-युमोतोला थेट गाडीने दीड तासाच्या आत पोहोचता येते, म्हणून टोकियोच्या कार्यक्रमात एक रात्र सहज बसते. किनोसाकीला क्योतो किंवा ओसाकाहून जलद गाडीने अडीच ते तीन तास लागतात. टोकियोहून मुद्दाम जाण्यात अख्खा दिवस मोडतो. एका रात्रीत सात स्नानगृहे होतही नाहीत, म्हणून तेथे दोन रात्री ठेवाव्यात.

तेव्हा वृद्ध आई-वडील, लहान मुले, शाकाहार किंवा संकोच यांपैकी दोन गोष्टी जरी बरोबर असतील तरी हाकोने घ्यावे, आणि चार पैसे जास्त मोजून का होईना, राखीव कुंड असलेलेच निवासगृह घ्यावे. दोघेच असाल, मासे खात असाल आणि प्रवास क्योतोच्या बाजूने होणार असेल, तर मी कसलाही विचार न करता किनोसाकी सांगेन, कारण अनोळखी माणसांबरोबर एका गावाचे पाणी वाटून घेण्याचा तो अनुभव बंद खोलीतल्या कुंडात मिळत नाही. तारखा पक्क्या करण्यापूर्वी तेथील स्नानगृहांच्या साप्ताहिक सुट्ट्या पाहाव्यात. त्या वेगवेगळ्या दिवशी असतात आणि ज्याच्यासाठी जायचे तेच नेमके बंद असू शकते.