सासूबाईंचं लाइफ जॅकेट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

घेतलं होतं मुलासाठी. त्याला मोठं झालं, परत पाठवायची मुदत टळली आणि ते सासूबाईंच्या अंगावर गेलं. नंतर कळलं की त्यांच्याच मापाचं होतं.

आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. वर्षातून तीन-चार वेळा दक्षिण गोव्यात पाळोळ्याच्या समुद्रकिनाऱ्याला जातो. खोली तीच, खानावळ तीच, वाटेत त्याच जागी वडे. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण सासूबाई घोट्याच्या वर भिजलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. वाळूवर चादर घालून सगळ्यांच्या चपला आणि मोबाइल राखत बसायच्या.

आधी जॅकेटविषयी. घेताना रंग बघू नका, आतलं लेबल वाचा. त्यावर न्यूटनचा आकडा असतो, म्हणजे जॅकेट किती जोराने तरंगवतं ते. 50 न्यूटन म्हणजे पोहता येणाऱ्याला नुसता आधार. न पोहणाऱ्याने किमान 100 न्यूटनचं घ्यावं, कारण तोंड पाण्याबाहेर राहावं अशी त्याची बांधणी असते. आमचं 100 चं आहे. माप वयावर नाही, वजनावर. घातल्यावर कुणाला तरी खांद्याचे पट्टे धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल आहे. मांड्यांमधून जाणारा पट्टा बहुतेक जण लाजेने मोकळा सोडतात. सासूबाईंनीही पंजाबी ड्रेसवर तो बांधायला पहिल्यांदा नकार दिला. मग पाण्यात जॅकेट हनुवटीला येऊन टेकलं तेव्हा स्वतःच म्हणाल्या, "बांध गो तो."

डिसेंबरातली ती सकाळ. पाळोळ्याची खाडी वाकडी, आत वळलेली, लाटा मऊ. कमरेइतक्या पाण्यात त्यांनी माझा दंड असा धरला की नखांचे व्रण दोन दिवस होते. मी म्हटलं, मागे रेला. रेलल्या. पाय वर आले आणि पाण्यात त्यांच्या बोटांतली जोडवी चमकली. एक शब्द बोलल्या नाहीत. किनाऱ्यावर आल्यावर नवऱ्याने "आई, काय धाडस!" म्हणून टाळ्या वाजवल्या, फोटो घरच्या ग्रुपवर गेला. मलाही तेव्हा तेच धाडस वाटलं होतं.

मग मार्चातली गोष्ट. पाळोळ्याच्या उत्तर टोकाला बेट आहे, ओहोटीला तिथे चालत जाता येतं. साडेअकराला आम्ही निघालो. नवरा पुढे, मुलगा त्याच्या मागे. तो शाळेत पोहायला शिकलाय, त्यामुळे बापासारखाच जॅकेटशिवाय. पाणी मांडीला आलं आणि सासूबाई थांबल्या.

"मी येत नाही. आणि ह्याला पण नेऊ नकोस."

"अगं, गेल्या खेपेला ह्याच वेळेला गेलो होतो ना!"

"तेव्हा एकादशी होती. माझा उपास होता. आज संकष्टी आहे, आजही आहे."

नवरा हसला. मुलगा रडकुंडीला आला. पुढे गेलेलं एक कुटुंब मागे वळून बघत होतं, त्यांच्यातला एक जण ओरडला, "आजी, घाबरू नका!" सासूबाईंचे कान लाल झाले, पण नातवाचं मनगट सुटलं नाही. वळल्या आणि चालू लागल्या. अंगावर जॅकेट असलेली त्या पाण्यातली ती एकटी बाई, आणि परत फिरलेलीही तीच.

ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे जाते, म्हणून आठवड्याभरात ओहोटीच्या जागी भरती येऊन बसते. पंचांगातली तिथी सांगितली की रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे मच्छीमार, पाण्याची वेळ सांगतात. सासूबाई समुद्राला घाबरत होत्या, पण ही सगळी बोलणी चादरीवर बसून वर्षानुवर्षं ऐकत होत्या. बेटावर गेलेले ते लोक होडीतून सुखरूप आले, हेही सांगायला हवं. नवरा अजून म्हणतो की जाता आलं असतं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं: "जाता आलं असतं रे. यायला?"

तक्रारी सांगते. चेन चार महिन्यांत खाऱ्याने धरली. मेणबत्ती घासून चालवतोय. वेल्क्रोत वाळू बसली की ते चिकटत नाही. शिटी मात्र खणखणीत, नातू तिचा गैरवापर करतो. दर खेपेला गोड्या पाण्यात बुचकळून सावलीत वाळवा. आम्ही दोनदा गाडीच्या डिकीत ओलंच ठेवलं, तो कुबट वास अजून गेलेला नाही. उन्हाने केशरी रंगही विटला. विक्रेत्याने बदलून द्यायला नकार दिला, फोनवर बोलण्याची तऱ्हाही बरी नव्हती.

आणि जॅकेट आहे म्हणून किनाऱ्यावर धोक्याचा लाल बावटा असताना पाण्यात उतरायचं नसतं. सध्या पावसाळा आहे, ते आमच्या माळ्यावर टांगलंय. गेल्या रविवारी नवऱ्याने स्वतःसाठी दुसरं मागवायला घेतलं. छातीचं माप सासूबाईंनी घेतलं, त्याने पोट आत ओढलं तर पाठीत धपाटा घालून परत घेतलं.